खाली बसलेला मासा

पांढुर्णा आणि सौंसरचं पाणी समुद्रापर्यंत जातं, माणसं बहुतेक नागपूरपर्यंत. जाम नदी पांढुर्ण्याहून सौंसरच्या अंगाला येते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला भेटली की दोघींची प्राणहिता, ती गोदावरीत, आणि मग थेट आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर. वर घाट चढून गेलं की मुलताई. तिथे तापी उगम पावते आणि पश्चिमेला वळून सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. वर्धाही त्याच मुलताईच्या टापूत जन्मते, पण तिची वाट पूर्वेची. म्हणजे आमच्या डोक्यावरच्या एकाच ढगाला दोन समुद्र ठाऊक असतात. आम्हाला एकही नव्हता.

समुद्र आमच्याकडे येई तो आठवडी बाजारात, आणि वाळून. बोंबील, सुकट, जवळा. बाजाराच्या ज्या कोपऱ्यातून तो वास येई तिकडे आई नाकाला पदर लावून जाई आणि पिशवी भरून आणी. समुद्र कडक असतो, खारट असतो आणि तव्यावर टाकला की शेजाऱ्यांना कळतो, एवढं माझं ज्ञान पुष्कळ वर्षं पुरलं.

आमच्या नद्यांची छापून येणारी बातमी एकच, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगड. डोकी फुटतात, कॅमेरे येतात आणि संध्याकाळी निघून जातात. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. नदीत वर्षाचे उरलेले दिवस काय चालतं हे विचारायला मात्र अजून कोणी आलेलं नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, म्हणून मला त्याचं जरा वाईट वाटतं.

माझं आजोळ रामाकोन्याकडचं, कन्हानच्या काठी. सौंसरहून तिथे जायला नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी होती. २०१५ साली ती बंद झाली, मोठी लाइन टाकायला. छोट्या गाडीत खिडकीशी बसलं की शेतातल्या माणसाशी बोलता येई आणि तो पुढचं वाक्य बोलेपर्यंत गाडी फार लांब गेलेली नसे. उन्हाळ्यात आम्ही पोरं त्या गाडीने जात असू. तोवर कन्हानची धार आटलेली असे. नदी म्हणजे वाळू, खडक, आणि मध्येमध्ये डोह. सगळा मासा त्या डोहांत येऊन राहिलेला. नदी मोठी असताना जे मासे एकमेकांना भेटतही नसतील ते वैशाखात एका डोहात दाटीने दिवस काढत.

डोहावर एक म्हातारे ढिमर बसत. आम्ही त्यांना नुसतं बाबा म्हणत असू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा १९१६ सालचा चार खंडांचा ग्रंथ मी पुढे नोकरीत असताना चाळला, त्यात ढिमरांवर प्रकरण आहे. मासे मारणं, पालख्या वाहणं, पाणी भरणं, तळ्यात शिंगाडे लावणं. बाबांनी यातलं पालखी सोडून सगळं केलेलं होतं. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे एक फेकायचं जाळं होतं आणि गरीची एक दोरी. काठी नाही, बूच नाही. दोरीचं एक टोक डोहात आणि दुसरं त्यांच्या उजव्या तर्जनीवरून गेलेलं. डोळे बहुधा मिटलेले. आम्हाला वाटे, झोपले.

"रोहू आहे. चाखून पाहून राह्यला," ते डोळे न उघडता म्हणत. थोड्या वेळाने रोहू निघे, किंवा आमिष तेवढं खाऊन जाई, पण रोहूच. पढिन म्हणजे घाटावरचा शिवडा. तो चाखत बसत नाही, एकदम गिळून निघतो, बोटाला हिसका बसतो. वाम शेपटीने दगडाला विळखा घालते, तेव्हा दोरी थरथरते पण येत नाही. मरळ घेते आणि शेवाळात शिरते. आणि कधीकधी नुसतंच जड लागे. ना हिसका, ना थरथर. "पाय पोरा, हा कासव. याले कायचीच घाई नाही." मग बाबा शिवी घालत आणि दोरी ओढत, आणि खरोखर कासव वर येई, चेहऱ्यावर तेवढाच वैताग घेऊन.

हे मला तेव्हा जादूचं वाटे. नंतर कळलं की आमच्या भागात पोट भरण्याची ती साधी रीत आहे. कापसाच्या बाजारात व्यापारी गंजीत हात घालतो, पुंजका काढून दोन चिमटींत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी सांगतो. संत्र्याच्या बागेचा सौदा मात्र नजरेने होतो. ठेकेदार आंबिया बहाराला बागेतून एक चक्कर मारतो आणि झाडावरचा माल अंदाजाने घेतो. नजरेचे सौदे किती घरांना बुडवून गेले हे पांढुर्ण्यात कोणीही सांगेल. हाताचे सौदे कमी फसतात असं माझं मत आहे. वर्गात उभं राहून गणित शिकवलेल्या माणसाने इतक्या कमी पुराव्यावर असं म्हणू नये, पण म्हणतो.

बाबांचं आणखी एक होतं. सुटलेल्या माशाची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. जगभर मासेमारांची थट्टा चालते ती याच गोष्टीवरून, हातातून निसटलेला मासा दर सांगण्यागणिक वाढतो म्हणून. आम्ही तर त्या गोष्टीसाठी टपून असू. एकदा जाळ्यातून काहीतरी प्रचंड निसटलं. पाणी ढवळून निघालं, बाबा कमरेपर्यंत भिजले. आम्ही काठावरून ओरडलो, केवढा होता बाबा, केवढा होता?

"मोठा होता म्हनून तर जाळं फाटलं ना. आता रातभर बसा सुई घेऊन."

संपली गोष्ट. त्या माशाचं माप त्यांच्या लेखी जाळ्याच्या भोकाएवढं होतं, आणि ते भोक सूत लावून बुजवायचं होतं. आमच्या पूर्वेला पेंचचं तोतलाडोह धरण आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून उठवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेशाने जलाशयात मासेमारीचे परवाने दिले, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ साली निकाल लागला. परवाने राहिले, सोबत अटी आल्या, त्यांत रोज किती मासे निघाले याची नोंद ठेवण्याचीही होती. त्या वहीत सुटलेल्या माशाला रकाना असण्याचं कारण नव्हतं. मासा निसटणं ही ज्याच्या घरी चूल तशीही पेटणार आहे त्याची गोष्ट.

म्हणजे माझी.

धाकट्या बहिणीचं सासर कुडाळ. तिचा मुलगा कॉम्प्युटरवर घरूनच काम करतो आणि उरलेला वेळ कर्लीच्या खाडीत घालवतो. त्याच्याकडे दोन कयाक आहेत, निळी आणि पिवळी, आणि गळाच्या काठ्यांचा एक संसार आहे. बहीण त्याबद्दल फोनवर तक्रार करी. मी निवृत्त झालो तेव्हा तिने तक्रारीचा सूर बदलून आमंत्रण दिलं. भाचा स्टेशनवर घ्यायला आला आणि रस्त्यातच म्हणाला, "मामा, अष्टमीला नेतो तुम्हाला. भांग आहे, पाण्याला ओढ कमी."

इथे मला शाळेत शिकलेली, पुढे कोणालाही न शिकवलेली पाऊणकी उपयोगी पडली. किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. गावागणिक थोडं पुढेमागे होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्य एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात तेव्हा भांग, पाण्याची चढउतार कमी. पाऊणकीचा हा पाढा आमच्या गुरुजींनी छडीच्या जोरावर घोकून घेतला होता. त्याच्या टोकाला समुद्र आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

देवबाग ही एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली. माडांतून चालत गेलं तर एका काठाची ओली चप्पल वाळायच्या आत दुसरा काठ येतो. पलीकडे भोगवे. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, आणि ओहोटीला त्या तोंडाशी पाणी असं बाहेर खेचतं की भाच्याने मला आधीच बजावलं होतं, तिकडे जायचं नाही, आत कांदळवनाच्या बाजूलाच थांबायचं. पावसाळ्यात तर कोणीच नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. आमच्या मध्य प्रदेशातल्या नद्यांना १६ जून ते १५ ऑगस्ट बंद ऋतू. दोन्हीकडे मोजले तर ६१ दिवस. माशांची पोरं वाढवायला गोड्या आणि खाऱ्या पाण्यात सरकारने सारखीच रजा दिली आहे.

कयाक ही मुळात आर्क्टिकच्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं ताणलेलं. ते लोक शिकार निसटू नये म्हणून भाल्याच्या दोरीला सीलच्याच कातड्याची हवा भरलेली पिशवी बांधत. भाला लागलेला प्राणी बुडी मारी, पिशवी त्याला वर ओढी, आणि तो दमला की शिकारी शांतपणे जवळ जाई. भाच्याची कयाक प्लास्टिकची होती, वर बसायची, आणि तिच्या बुडाला आरपार भोकं होती. आत आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं म्हणे. बुडाला भोकं पाडलेल्या नावेत बसायला माझ्यातला सातपुड्याचा माणूस तयार होईना. "मामा, बसा. बुडायचं असतं तर ती आतून पोकळ कशाला केली असती?" हे काही उत्तर नव्हतं, पण मी बसलो.

बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की पाणी आपल्या कमरेच्या पातळीला आहे. मोठ्या होडीतून आपण पाण्याकडे पाहतो; इथे पाण्यात बसून आजूबाजूला पाहतो. हात सोडला की बोटं भिजतात. उजाडत होतं, भरती नुकतीच थांबली होती आणि पाणी उलटायचा विचार करत होतं. कांदळाची मुळं निम्मी बुडालेली. खाली खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, तिथे हात घालू नका, ही भाच्याची दुसरी सूचना. त्याने गळाला जिवंत कोळंबी लावली, माझ्या हातात काठी दिली, आणि आपली कयाक थोड्या अंतरावर घेऊन गेला.

बराच वेळ काही झालं नाही. मासेमारीचा बहुतेक भाग हाच असतो आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. एक खंड्या आमच्याहून बरं काम करत होता.

मग गळ अडकला. मला तसंच वाटलं. काठीचं टोक वाकलं आणि वाकलेलं राहिलं. "मुळात अडकला रे," मी म्हटलं. भाचा वल्हं मारत जवळ येऊ लागला, आणि तेवढ्यात ते मूळ चालायला लागलं.

धावलं नाही. चाललं. रिळातून दोरी घर्र करत सुटायला लागली आणि माझ्या कयाकचं नाक आपोआप त्या दिशेला वळलं. "मामा, ओढू नका! नुसतं धरा! तिला दमू द्या!" रिळाला ब्रेक असतो. दोरी जेवढं वजन पेलते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर तो लावून ठेवतात, म्हणजे माशाने त्याहून जास्त ओढलं की दोरी तुटायच्या ऐवजी सुटते. आणि दोरी सुटत असतानाच कयाकही निघाली. मी वल्हं मारत नव्हतो. भाचा मारत नव्हता. तळातलं कोणीतरी माणसासकट, काठीसकट, बुडाला भोकं असलेल्या होडीसकट मला ओढून नेत होतं. इन्युइटांची हवेची पिशवी आता मी स्वतः होतो. वयाच्या या टप्प्यावर मला कोणी कुठे ओढून नेईल असं वाटलं नव्हतं. मला हसू आलं, ते भाच्याला भीतीचं वाटलं असावं, कारण तो आणखी जोरात सूचना देऊ लागला.

तेव्हा मी एक केलं. डाव्या हातात काठी घट्ट धरली आणि उजव्या हाताची तर्जनी दोरीखाली घातली. ठरवून नाही. बोट आपणच गेलं.

विणलेली दोरी बारीक असते आणि ती रबरासारखी ताणली जात नाही, म्हणून तळात जे घडतं ते जसंच्या तसं बोटात येतं. हिसका नव्हता. मासा डोकं झाडतो तेव्हा काठीला टक-टक असे ठोके बसतात म्हणतात, तेही नव्हते. पाण्याच्या पृष्ठभागाकडे यायची काही खटपट नव्हती. जड, सपाट अशी एक ओढ होती. ती मध्येच पूर्ण थांबे, आणि थांबली की कितीही ताण दिला तरी वीतभरही वर येत नसे. मग आपल्या मर्जीने परत निघे. आणि शेवटी शेवटी त्या ओढीत एक खरखर आली, दोरी कशावरून तरी घासत होती. मी ते भाच्याला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि काठी सरळ झाली.

कयाक आणखी थोडी पुढे गेली, तिला कोणी सांगितलं नव्हतं की संपलं.

भाचा माझ्यापेक्षा जास्त हळहळला. "जिताडा होता मामा. शंभर टक्के जिताडा." आणि तिथेच, खाडीत, त्याने जलरोधक पिशवीतून फोन काढून मला जिताड्याचे फोटो दाखवले. हा रायगडाचा लाडका मासा, गोव्यात त्याला चोणक म्हणतात. त्याची कुंडली भाच्याला तोंडपाठ. आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे जिताडा जितका मोठा तितकी ती मादी असण्याची शक्यता जास्त. वाढतो गोड्या-निमखाऱ्या पाण्यात, अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो. कल्ल्याच्या झाकणाची कड एवढी धारदार की दोरी कापून जातो. जिताडा नसेल तर तांबोशी. ती लहानपणी कांदळाच्या मुळांत राहते, मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडकांकडे निघून जाते, पण एखादी मागे राहतेच. किंवा गोबरा. यादी रुबाबदार होत गेली. परत वल्हवताना मी जिताड्यावर जवळजवळ राजी झालो होतो. मनात त्याला रंग दिला, चंदेरी, पाठीला जरा हिरवट. सौंसरला गेल्यावर कोणाला आधी सांगायचं हेही ठरत आलं होतं.

काठावर एक म्हातारे गृहस्थ माडाखाली जाळं विणत बसले होते. भाच्याने सगळी हकीकत सांगितली, हात पसरून. त्यांनी ती ऐकली असं वाटलं नाही. ते म्हणाले, "दोरी बघू."

तुटलेलं टोक त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरलं आणि हळूहळू सरकवत वर नेलं, मग परत खाली. विणलेल्या दोरीच्या पुढे गळाजवळ जाड पारदर्शक तंगूस बांधलेला असतो. तो वितीपेक्षा जास्त लांबीवर खरबरीत झालेला होता, एका ठिकाणी कापलेला नव्हता. त्यांची बोटं तिथे थांबली.

"उडी मारल्यान?"

नाही.

"तळाकच बसलेलो?"

मी म्हटलं, हो. थांबला की हलतच नव्हता.

"मगे वागळी ती," त्यांनी तंगूस भाच्याच्या हातात दिला. "जिताडो उडी मारल्याशिवाय रवणा नाय. कालवांच्या धोंड्यार घासल्यान नि गेली." आणि जाळ्याकडे वळले.

वागळी म्हणजे चपटा, पंखांसारख्या कडा असलेला, शेपटीला विषारी काटा असलेला मासा. कोळी लोक पाकट म्हणतात तो. तळाच्या वाळूत पडून राहतो, कोळंबी-कुर्ल्या खातो. धोका वाटला की तळाला असा चिकटतो की माणसाला खडक लागल्यासारखं वाटतं. माझ्या बोटाने जे जे सांगितलं होतं ते सगळं यात बसत होतं. भाचा वाद घालू लागला. मी घातला नाही. बाबांच्या हाताखाली जो कासव ओळखायला शिकला त्याला खरं म्हणजे हे खाडीतच कळायला हरकत नव्हती. पण खाडीत मला जिताडा हवा होता.

हे हवं असणं मला नंतर काही दिवस चघळायला पुरलं. सुटलेला मासा आपण उमदाच का धरतो? राज्यांचंही तेच. मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीर हा राज्यमासा ठरवला, महाराष्ट्राने २०२३ साली रुपेरी पापलेट. दोन्ही देखणे. वागळीचं नाव कोणत्याही समितीपुढे आलं नसावं. मासा सुटला म्हटलं की वाचणाऱ्या माणसाला हेमिंग्वेचा म्हातारा आठवतो. पुलंनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने तो मराठीत आणला. पण लोक त्यातली झुंज आठवतात आणि मला त्याचा शेवट जास्त अस्सल वाटतो. तो म्हातारा आपला प्रचंड मर्लिन होडीला बांधून आणतो, वाटेत शार्क त्याचं मांस खातात, उरतो सांगाडा. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आलेली एक प्रवासी बाई तो सांगाडा पाहते आणि त्यालाच शार्क समजते. नाव चुकतं, तेही समोर हाडं पडलेली असताना. माझ्याकडे तर वीतभर खरबरीत तंगूस होता, आणि तो वाचणारी दोन बोटं भेटली, एवढं माझं नशीब म्हाताऱ्या सांतियागोपेक्षा बरं.

बाबा असते तर देवबागच्या त्या गृहस्थांशी त्यांचं छान जमलं असतं. भाषा जमली नसती; एकाचं वऱ्हाडी-हिंदी आणि दुसऱ्याचं मालवणी, दोघांनाही अर्धं कळलं नसतं. पण दोघे शेजारी बसून जाळी विणत राहिले असते. मोठ्या माशाबद्दल दोघांनाही विचारण्यासारखं एकच होतं, भोक केवढं पडलं.

सौंसरला परत आलो. संध्याकाळी आमची बैठक असते, एका किराणा दुकानाच्या पायरीवर. एक निवृत्त पोस्टमन, एक संत्र्याचे बागाईतदार, एक कापसाचे जुने व्यापारी, आणि मी. समुद्राची खबर आधीच पोचली होती.

"मास्तर, मासा सुटला म्हणते तुमचा. किती किलोचा होता?"

मी म्हटलं, दिसलाच नाही. वागळी होती.

"हे काय राह्यते?"

मी सांगितलं. चपटी असते, परातीएवढी, कधी त्याहून मोठी. तळाला बसते.

"खातेत काय तिले?" बागाईतदारांचा प्रश्न.

खातात. तिखट कालवण करतात मालवणात.

"मंग सोडली कायले?"

सोडली नाही हो, तुटली.

"एकच झालं. गेली ना?" त्यांनी विषय मिटवला. पण पोस्टमनला अजून रस होता. त्यांनी शेपटीबद्दल विचारलं. मी म्हटलं, शेपूट लांब, काठीसारखी, आणि तिच्यावर काटा, विषारी. किती लांब? मी दोन्ही हात पसरले. पुरेसं वाटलं नाही म्हणून आणखी पसरले, शेजारच्या गोणीला हात लागेपर्यंत.

कापसाचे व्यापारी इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सावकाश पाहिलं.

"मास्तर, तुमाले तर दिसलीच नव्हती ना? मंग शेपूट कोणी मोजली?"